गिदोनाने पुराला बरोबर का नेले?



या मालिकेत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आज घेतो. इंदूर, बेळगाव, बडोदे, हैदराबाद अशा निरनिराळ्या ठिकाणच्या मराठी विश्वासणाऱ्यांनी तो जवळजवळ एकाच शब्दांत विचारला आहे. प्रभूवर विश्वास असेल तर भीती वाटायला नको ना? मग मला का वाटते? हे विचारणारे आवाज खाली आणून विचारतात. बहुतेक रात्री फोन करतात, आणि शेवटी म्हणतात, मंडळीत कोणाला सांगू नका.

एका बहिणीच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रियेची तारीख ठरली. प्रार्थनागटात तिने साधेपणाने सांगितले की मला फार भीती वाटते आहे. तिथे तिला कळले की भीती म्हणजे अविश्वास, भीती म्हणजे सैतानाला दार उघडून देणे. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण परिणाम काय झाला? तिची भीती गेली नाही, तिचे सांगणे बंद झाले. पुढच्या आठवड्यापासून ती गटात यायची थांबली. म्हणजे ज्या घडीला तिला माणसांची सर्वांत जास्त गरज होती, त्याच घडीला आपल्या शिकवणीने तिला एकटे पाडले. म्हणून हा विषय मला नुसत्या शब्दांचा कीस वाटत नाही.

मी अठ्ठावीस वर्षे पायदळात काढली. भीतीबद्दल पवित्र शास्त्र काय म्हणते हे पाहायचे झाले, की माझा हात आपोआप शास्ते या पुस्तकाकडे जातो, अध्याय 6 ते 8. गिदोनाची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे: तीनशे माणसे, मडकी, मशाली, कर्णे. मुलांना ती विजयाची गोष्ट म्हणून सांगतात. मी ती एका घाबरलेल्या अधिकाऱ्याची गोष्ट म्हणून वाचतो, आणि माझ्या मते ती तशीच लिहिलेली आहे.

परिस्थिती अशी. मिद्यानी लोक सात वर्षे इस्राएलावर तुटून पडत होते. पेरणी झाली की उंटांवर बसून यायचे, पीक आणि जनावरे फस्त करून जायचे. लोक डोंगरातल्या गुहांत राहू लागले होते. गिदोन पहिल्यांदा दिसतो तो द्राक्षकुंडात गहू झोडताना. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना यातली गंमत लगेच कळेल. खळे नेहमी उघड्यावर, उंचावर, वाऱ्याच्या तोंडी असते, कारण उफणायला वारा लागतो. द्राक्षकुंड म्हणजे खडकात खोदलेला खड्डा. तिथे वारा नाही, जागा नाही. पण तिथे कोंडा उडत नाही आणि माणूस दुरून दिसत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर गिदोन आड घेऊन बसला होता. आणि नेमके तिथे परमेश्वराचा दूत येऊन त्याला शूर वीर म्हणून हाक मारतो.

पुष्कळ उपदेशक इथून थेट विजयाकडे उडी मारतात: देवाने हाक मारली, भीती पळाली, गिदोन वीर झाला. पण मजकूर तसे म्हणत नाही. हातात पेन्सिल घेऊन अध्याय 6 वाचा आणि गिदोन जिथे जिथे घाबरला तिथे खूण करा. हाक आल्यानंतरच्या खुणा जास्त निघतील.

पहिली खूण दूताच्या भेटीतच आहे. आपण प्रत्यक्ष देवाच्या दूताला पाहिले हे कळल्यावर गिदोन हादरतो, आता मरतो असे त्याला वाटते. परमेश्वर त्याला शांती देतो, भिऊ नको, तू मरणार नाहीस असे सांगतो, आणि गिदोन तिथे वेदी बांधून तिला यहोवा शालोम असे नाव देतो. मराठीत आपण ‘परमेश्वराचे भय’ म्हणतो तेव्हा अनेकांच्या डोळ्यांसमोर छडी घेतलेले मास्तर उभे राहतात. मूळ हिब्रूत शत्रूला भिणे आणि देवाचे भय बाळगणे या दोन्हींसाठी बहुधा एकच धातू वापरला जातो. म्हणजे शास्त्राला माणसाच्या पोटात भीतीच नको आहे असे नाही. कोणासमोर वाकायचे, एवढा प्रश्न आहे.

दुसरी खूण त्याच रात्रीची. परमेश्वर त्याला बापाच्या मालकीची बआलाची वेदी मोडायला सांगतो. गिदोन ती मोडतो, पण दहा चाकर बरोबर घेऊन, रात्री. शास्त्र कारणही लपवत नाही: बापाच्या घराण्याला आणि गावच्या लोकांना तो भीत होता. मिद्यानी अजून दूर आहेत. पहिली भीती घरातली, गावातली आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घराण्यांना ही भीती नवी नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. त्या मधल्या वर्षांची ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःच सांगितली आहे. माझे घराणे नगर जिल्ह्यातले. आमच्या जुन्या माणसांना वाघाची भीती वाटत नसे, पण गावातली विहीर बंद होईल, लेकीची सोयरीक मोडेल, ही भीती वाटे. त्यांतल्या कितीतरी जणांनी प्रभूकडे पहिले पाऊल रात्रीच टाकले असेल. गिदोनाने वेदी रात्री मोडली म्हणून परमेश्वराने ती कमी मोडली असे धरले नाही. सकाळी वेदी पडलेलीच होती.

तिसरी खूण लोकरीची. इथे क्रम नीट पाहा. परमेश्वराचा आत्मा गिदोनावर आला, त्याने कर्णा वाजवला, चार वंशांतून माणसे गोळा झाली, आणि त्यानंतर तो म्हणतो, मला चिन्ह दे. लोकर ओली, जमीन कोरडी. मग पुन्हा: लोकर कोरडी, जमीन ओली. आत्म्याने भरलेल्या माणसाला भीती शिवत नाही असे सांगणाऱ्यांनी हा क्रम एकदा वाचावा. देव दोन्ही वेळा चिन्ह देतो, रागावत नाही.

आता येतो हरोद झऱ्यावर. या नावातच थरथरण्याचा अर्थ ऐकू येतो. गिदोनाजवळ 32,000 माणसे आहेत, शत्रू त्यांच्या कितीतरी पट. अध्याय 8 मधल्या आकड्यांची बेरीज केली तर 1,35,000 होतात. आणि परमेश्वर म्हणतो, तुझी माणसे फार झाली. जो भितो, थरथरतो, त्याने घरी जावे अशी घोषणा कर. 22,000 निघून जातात.

कोणीही सेनापती हे ऐकून डोके धरून बसेल. पण हा नियम गिदोनाच्या वेळी नवा नव्हता. अनुवादाच्या 20व्या अध्यायात तो आहे. ज्याने नवे घर बांधून त्यात राहायला सुरुवात केली नाही, ज्याने द्राक्षमळा लावून फळ खाल्ले नाही, ज्याची मागणी झाली पण लग्न व्हायचे आहे, त्यांच्याबरोबर भित्र्यालाही परत जायची मोकळीक आहे. कारण तिथेच दिले आहे: त्याचे पाहून त्याच्या भावांचेही मन खचू नये. त्याला शिक्षा सांगितलेली नाही, त्याची नालस्ती केलेली नाही. भीती साथीसारखी पसरते एवढेच व्यवहारी सत्य त्यात आहे, आणि पायदळात एक रात्र काढलेला कोणीही त्याला दुजोरा देईल. पुढे शत्रू पळू लागल्यावर नफताली, आशेर, मनश्शे या वंशांच्या लोकांना पाठलागासाठी बोलावले. हे वंश पहिल्या जमावातही होते. घरी गेलेल्यांपैकी कित्येक त्यात पुन्हा आले असतील, असे मला वाटते.

मग पाण्यावरची परीक्षा होते आणि तीनशे उरतात. इथपर्यंतचे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या रात्री काय घडते ते वाचायला आपण विसरतो.

परमेश्वर गिदोनाला म्हणतो की ऊठ, छावणीवर चालून जा, ती मी तुझ्या हाती दिली आहे. आणि लगेच पुढे एक सवलत देतो. खाली जायला तुला भीती वाटत असेल, तर तुझा सेवक पुरा याला घेऊन आधी छावणीकडे जा आणि ते काय बोलतात ते ऐक. पुढच्या वाक्यात गिदोन काय करतो? पुराला घेऊन खाली जातो.

त्याला भीती वाटत होती असे तिथे लिहिलेले नाही. लिहायची गरजच नाही. सवलत भिणाऱ्यासाठी होती आणि त्याने ती घेतली. त्याच दिवशी त्याने स्वतः घोषणा केली होती की जो भितो त्याने घरी जावे. त्या घोषणेप्रमाणे पाहिले तर घरी जायला हवा होता असा निदान एक माणूस हरोदच्या झऱ्यावर राहून गेला होता, आणि तो सेनापती होता. परमेश्वराला हे ठाऊक होते. त्याने गिदोनाला घरी पाठवले नाही, दटावले नाही, त्याला एक सोबती दिला.

हा पुरा कोण, कुठला, किती वर्षांचा, शास्त्र काही सांगत नाही. या एका रात्रीपुरता तो येतो आणि जातो. लष्करात याला आम्ही बडी म्हणतो. जवानांच्या जोड्या असतात. गस्तीवर, पहाऱ्यावर, चढणीवर तुमचा बडी तुमच्याबरोबर असतो, तुमची पाण्याची बाटली आणि बुटाची लेस तपासतो, तुम्हाला लागले तर तुम्हाला ओढून आणतो. आमचे एक सुभेदार साहेब होते. रात्री गस्त निघायच्या आधी ते कोणाला घाबरला आहेस का म्हणून विचारत नसत. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत आणि विचारत, तुझा बडी कोण? जवान नाव सांगे. पुढचा. तुझा बडी कोण? मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही, पण पुराबद्दल माझे निम्मे ज्ञान त्या सुभेदार साहेबांकडून आले आहे, आणि ते ख्रिस्ती नव्हते.

दोघे अंधारात खाली उतरतात आणि ऐकतात. एक मिद्यानी शिपाई सोबत्याला स्वप्न सांगतो आहे: जवाची एक भाकर गडगडत आली आणि तिने तंबू उलटवला. दुसरा लगेच म्हणतो की ही गिदोनाचीच तलवार. डोंगरावरून टोळधाडीसारखी दिसणारी ती फौज जवळून ऐकली तर आतून हललेली होती. लांबून पाहिलेला शत्रू कधीच घाबरलेला दिसत नाही. गिदोन तिथेच, शत्रूच्या तळाशी, नमन करतो. त्याची उपासना या ठिकाणी होते, कर्णा वाजवायच्या आधी. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा विश्वास याच जागी पायावर उभा राहिला. भीती आधी गेली आणि मग तो उतरला असे झाले नाही. भीती घेऊन, सोबत घेऊन, देवाने दाखवलेल्या वाटेने तो उतरला, आणि मग त्याला ऐकू आले.

हल्ल्याची वेळही पाहण्यासारखी आहे. मधल्या प्रहराच्या सुरुवातीला, पहारा नुकताच बदलला होता तेव्हा. नवा संत्री झोपेतून उठलेला असतो, डोळे अंधाराला सरावलेले नसतात, आणि सुटलेले लोक तळावर फिरत असतात, त्यामुळे कोण आपला आणि कोण परका हे कळत नाही. तीनशे जणांच्या तीन टोळ्या. डाव्या हातात मशाल, उजव्या हातात कर्णा. तलवार धरायला हात मोकळा नाही. त्यांनी काय केले? आपापल्या जागी उभे राहिले. शास्त्र हेच नोंदवते. शत्रू एकमेकांवरच तुटून पडला.

आता काही वचनांबद्दल, कारण घाबरलेल्या माणसाला झोडपायला तीच वापरली जातात. पूर्ण प्रीती भीती घालवते असे योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो. तिथे विषय न्यायाच्या दिवसाचा आणि शिक्षेच्या भीतीचा आहे, शस्त्रक्रियेच्या टेबलाचा नाही. पौल तीमथ्याला ज्या आत्म्याबद्दल लिहितो, त्या ठिकाणी मूळ ग्रीक शब्द भेकडपणाचा आहे, म्हणजे पाय मागे घेण्याचा. पोटात गोळा येणे ही वेगळी गोष्ट. आणि ‘भिऊ नको’ ही आज्ञा बायबलात बरोबर 365 वेळा, वर्षाच्या रोजच्या दिवसाला एक, असे जे सांगतात, ती मोजणी प्रत्यक्षात भरत नाही. हजेरी मोजून घ्यायची माझी जुनी खोड आहे. पण ती आज्ञा पुष्कळदा आहे हे खरे, आणि ती ज्याला भीती वाटत नाही अशा माणसाला कोण कशाला सांगेल?

या सगळ्यांपेक्षा मोठा पुरावा गेथशेमानेचा आहे. मार्काच्या 14व्या अध्यायात प्रभू येशू अतिशय व्याकूळ झालेला दिसतो. तो पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतो, मनाची अवस्था त्यांना सांगतो, आणि जागे राहा म्हणतो. देवाच्या पुत्राला त्या रात्री सोबती हवे होते. ते झोपले ही वेगळी गोष्ट. व्याकूळ होणे हाच अविश्वास असेल, तर त्या बागेतल्या प्रभूला आपण काय म्हणणार?

मी गिदोनाची गोष्ट अध्याय 7 ला थांबवत नाही, कारण खरा इशारा 8 मध्ये आहे. तिथे गिदोनाची भीती गेलेली आहे. थकलेल्या तीनशेंसाठी तो सुक्कोथकरांकडे भाकरी मागतो. ते देत नाहीत. त्यांना वाटते, मिद्यानी राजे अजून हाती लागले नाहीत, उद्या ते उलटले तर आमचे काय? म्हणजे तेही घाबरलेलेच आहेत, द्राक्षकुंडातल्या गिदोनासारखे. परत येताना गिदोन त्यांच्या 77 वडील जनांची नावे लिहून घेतो आणि त्यांना रानातल्या काट्यांनी फोडून काढतो. पनुएलात बुरूज पाडतो आणि माणसे मारतो. मग पकडलेल्या राजांना, जेबह आणि सलमुन्ना यांना मारायला आपल्या थोरल्या मुलाला, येथेराला सांगतो. तो मुलगा तलवार उपसत नाही. तो लहान होता, त्याला भीती वाटली, असे शास्त्र सांगते.

इथे मी दर वेळी थांबतो. ज्याच्या भीतीला परमेश्वराने इतक्या हळुवारपणे धरले, तो बाप आपल्या मुलाची भीती ओळखू शकला नाही. त्याच्यासाठी त्याने पुरा शोधला नाही. आणि या सबंध अध्यायात गिदोन परमेश्वराला एकही प्रश्न विचारताना दिसत नाही, परमेश्वर त्याच्याशी बोलल्याचीही नोंद नाही. लोकांनी राजा हो म्हटल्यावर परमेश्वरच राज्य करील असे उत्तर तो बरोबर देतो, पण लगेच लुटीतली कर्णभूषणे मागून घेतो. 1,700 शेकेल सोने, आजच्या हिशेबाने अदमासे 19 किलो. त्याचा एफोद करून गावात ठेवतो, आणि तो त्याच्या घराण्याला पाश होतो. घाबरलेल्या गिदोनापेक्षा निर्भय गिदोनाने इस्राएलाचे जास्त नुकसान केले, हे माझे मत मी लपवणार नाही.

मंडळीत कोणी म्हणाले, मला भीती वाटते, तर वचन फेकून मारू नका. त्या माणसाबरोबर कोण जाणार आहे ते आधी ठरवा. दवाखान्यात, कोर्टात, मुलाच्या मुख्याध्यापकांकडे. आणि खाली जाऊन ऐकायला मदत करा. डॉक्टरांना नेमके काय विचारायचे ते कागदावर लिहून द्या, कारण न ऐकलेली छावणी नेहमी मोठी वाटते. भीती आठवडेच्या आठवडे सुटत नसेल, झोप आणि जेवण तुटले असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जावे. त्यात विश्वासाची कमतरता नाही. आमच्या पलटणीतही लागलेल्या जवानाला प्रार्थना करून तळावर बसवून ठेवत नसत.

आणि ज्याला आज स्वतःलाच भीती वाटते त्याने ती देवाला सांगावी, आहे त्या शब्दांत. मग एका माणसाला सांगावी. दहा जणांना नव्हे. गिदोनाजवळ तीनशे होते, खाली त्याने एकालाच नेले.

पुढच्या भागात गिदोनाच्या धाकट्या मुलाकडे, योथामाकडे जाऊ. तो लपून वाचला, डोंगरावर चढून भर शखेमला खरे ते सुनावले, आणि भावाच्या भीतीने पळून गेला. अध्याय 9 वाचून ठेवा.